फ्लॉरिडाचा किनारा आणि गोल्फचें मैदान

प्रवास म्हटला कीं निवड आली. कोणत्या वाटेनें जावें, कोठें उतरावें, काय पाहावें आणि काय सोडावें, या प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येक प्रवासी आपल्या रुचीप्रमाणें व ऐपतीप्रमाणें देत असतो. आणि तीं उत्तरें सर्वस्वीं आपलींच आहेत, असा त्याचा समजहि असतो. परंतु थोडें खोल जाऊन पाहिलें असतां असें दिसून येतें कीं, प्रवाशापुढें जे चार-दोन पर्याय येतात, ते त्याच्या जन्मापूर्वींच दुसऱ्या कोणीं तरी निवडून ठेवलेले असतात. वारीच्या वाटेवरील मुक्काम नवा वारकरी ठरवीत नाहीं. ते पूर्वींच्या पिढ्यांनीं ठरविलेले असतात. तीर्थयात्रेस जें लागू, तेंच विलासयात्रेसहि लागू आहे.

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या आग्नेय टोकास फ्लॉरिडा नांवाचें जें संस्थान आहे, तेथें हिंवाळ्यांत लाखों लोक समुद्रकांठीं विश्रांतीस जातात, आणि त्यांतील पुष्कळांचा पहिला प्रश्न 'गोल्फ कोठें खेळावयाचा?' हा असतो. प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. कारण त्या संस्थानांत गोल्फचीं मैदानें हजारांहून अधिक असून, अमेरिकेंतील दुसऱ्या कोणत्याहि संस्थानांत तितकीं नाहींत. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं गोल्फची काठी हातीं धरली नसेल. परंतु ज्यांचीं मुलेंबाळें तिकडे स्थायिक झालीं आहेत, त्यांस हा प्रश्न आतां अगदींच परका राहिलेला नाहीं. आम्हांस मात्र त्यांत खेळापेक्षां इतिहासाचेंच आकर्षण अधिक वाटतें.

ज्यांस हा खेळ परिचित नाहीं, त्यांच्याकरितां एवढेंच सांगणें पुरे कीं, लहानसा चेंडू काठीनें टोलवीत क्रमाक्रमानें अठरा खळग्यांत घालावयाचा, आणि ज्यास सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. खेळ साधा, पण त्यास जमीन मात्र शंभर-दीडशें एकर लागते. विटीदांडूस गल्ली पुरते, क्रिकेटला एक मैदान पुरतें. गोल्फला मात्र लहानशा खेड्याएवढें रान लागतें. म्हणून 'कोठें खेळावें?' या प्रश्नाच्या पोटांत 'जमीन कोणाची?' हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर गेल्या सव्वाशें वर्षांत क्रमानें तिघांनीं दिलें: आगगाडीच्या मालकानें, जमिनीच्या सौदागरानें आणि न्यायासनानें. त्या तीन उत्तरांची ही हकीकत आहे.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊं. हा खेळ वाढला तो स्कॉटलंडांत, समुद्रकांठच्या वाळूच्या टेकाडांवर, जेथें पीक येत नसे व मेंढ्याच चरत असत अशा पडित जमिनींत. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरहि वाळू आहे. परंतु तेथें थोडें खणलें कीं पाणी लागतें. सुमारें १,३५० मैलांचा समुद्रकिनारा लाभलेली ही भूमि इतकी सपाट आहे कीं, साऱ्या संस्थानांतील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून अवघी ३४५ फूट भरते. म्हणून तेथें मैदान करावयाचें म्हणजे एके ठिकाणीं खणून माती काढावयाची व दुसरीकडे भर घालावयाची. खणलेल्या जागीं तळें होतें आणि भर घातलेल्या जागीं हिरवळ लागते. तेथील मैदानांवर पावलोपावलीं दिसणारीं तळीं केवळ शोभेकरितां नसतात. जमीन कोरडी करण्याच्या खटपटीची ती खूण असते.

स्पेनच्या हुआन पोन्से द लेऑन यानें १५१३ सालीं या भूमीस फ्लॉरिडा हें नांव दिलें. ज्या वर्षीं तालिकोटच्या रणांगणावर विजयनगरचें वैभव धुळीस मिळालें, त्याच १५६५ सालीं स्पॅनिश लोकांनीं पूर्व किनाऱ्यावर सेंट ऑगस्टिन हें नगर वसविलें. पेशवाई बुडाल्यास तीन वर्षें झालीं असतां, १८२१ मध्यें, हा मुलूख अमेरिकेच्या ताब्यांत आला व १८४५ सालीं त्यास संस्थानाचा दर्जा मिळाला. तरीहि पुढें कित्येक दशकें त्याचा दक्षिण किनारा म्हणजे दलदल, डांस आणि तुरळक वस्ती यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें.

अशा या किनाऱ्यावर पहिला चेंडू टोलविला गेला तो एका फसलेल्या वसाहतीच्या निमित्तानें. १८८५ च्या अखेरीस स्कॉटलंडांतील कांहीं कुटुंबें एका कंपनीच्या जाहिरातीवर विश्वासून पश्चिम किनाऱ्यावरील सॅरासोटा येथें येऊन उतरलीं. जाहिरातींतलें नगर तेथें नव्हतेंच; होतें तें रान. पुष्कळ कुटुंबें थोड्याच महिन्यांत निघून गेलीं. पुढच्या वर्षीं कंपनीचें काम पाहण्यास जॉन हॅमिल्टन गिलेस्पी हा स्कॉटिश गृहस्थ आला, आणि त्यानें आपल्या करमणुकीसाठीं तेथें दोन खळग्यांचें एक लहानसें मैदान आंखलें. चेंडू मारावा, जाऊन शोधून आणावा, पुन्हां मारावा, असा हा एकट्याचा खेळ गांवकऱ्यांस वेडेपणाच वाटला असला पाहिजे. पुढें १९०२ सालीं हाच गृहस्थ सॅरासोटाचा पहिला नगराध्यक्ष झाला. त्यानें तेथें नऊ खळग्यांचें रीतसर मैदान केलें, आणि १९२३ सालीं त्याचा देहान्त झाला तोहि मैदानावरच. गिलेस्पीच्या या आरंभांत ऐश्वर्याचा दर्प नव्हता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

दर्प आला तो आगगाडीबरोबर. रॉकफेलरच्या जोडीनें स्टँडर्ड ऑइल कंपनी उभारून अपार धन मिळविलेला हेन्री फ्लॅग्लर उतारवयांत फ्लॉरिडाकडे वळला. १८८८ सालीं त्यानें सेंट ऑगस्टिन येथें पोन्से द लेऑन हें भव्य हॉटेल उघडलें. मग रूळ दक्षिणेकडे सरकत चालले, आणि जेथें रूळ तेथें हॉटेल, असा क्रम सुरू झाला. १८९४ सालीं पाम बीच येथें त्याचें रॉयल पॉइन्सियाना हॉटेल उघडलें. जगांतील अतिविशाल लांकडी इमारतींत त्याची गणना होत असे. १८९६ सालीं गाडी मायामीस पोंचली. पश्चिम किनाऱ्यावर हेन्री प्लांट या दुसऱ्या रेल्वे-मालकानें हाच डाव मांडिला. १८९१ सालीं टँपा येथें व १८९७ सालीं बेलेअर येथें त्याचीं प्रचंड हॉटेलें उभीं राहिलीं.

उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेला धनिक गाडींत बसेल, हॉटेलांत उतरेल. पण दोन-दोन महिने करील काय? या चिंतेंतून गोल्फचीं मैदानें जन्मास आलीं. पाम बीच येथें फ्लॅग्लरच्या हॉटेलांच्या आवारांत गेल्याच्या मागील शतकाच्या अखेरीस अलेक्झांडर फिंडले या स्कॉटिश तज्ज्ञाकडून जें मैदान घालविण्यांत आलें, त्याचा उल्लेख फ्लॉरिडांतील सर्वांत जुनें अठरा खळग्यांचें मैदान म्हणून केला जातो. बेलेअरचेंहि तसेंच. हीं मैदानें कोणा खेळाडूनें निवडलीं नव्हतीं. गाडीचीं तिकिटें व हॉटेलच्या खोल्या खपाव्यात म्हणून तीं रुळांच्या कडेनें पेरण्यांत आलीं होतीं. आजहि पूर्व किनाऱ्यावरील जुनीं मैदानें नकाशावर पाहिलीं तर त्यांची मालिका फ्लॅग्लरच्या लोहमार्गाशीं समांतर चाललेली दिसते.

या वैभवाची दुसरी बाजूहि होती. पाम बीच हा समुद्र व एक खारें सरोवर यांच्यामधील चिंचोळा पट्टा आहे. हॉटेलांतील नोकरचाकरांच्या वस्तीसाठीं फ्लॅग्लरनें सरोवराच्या पलीकडल्या तीरावर वेस्ट पाम बीच हें वेगळें गांव आंखून दिलें. सकाळीं सरोवर ओलांडून यावें, धनिकांची सेवा करावी आणि सायंकाळीं परतावें, असा तेथील जीवनक्रम ठरला. खेळणारा अलीकडे, खेळविणारा पलीकडे. उत्तरेस ऑर्मंड बीच येथें स्वतः रॉकफेलर हिंवाळ्यांत राहूं लागला. पिकल्या वयांतहि तो नेमानें गोल्फ खेळे व भेटेल त्याच्या हातावर दहा सेंटांचें नवें नाणें ठेवी. १९३७ सालीं वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षीं तेथेंच त्याचा अंत झाला. त्या नाण्यांचें कौतुक वर्तमानपत्रांनीं पुष्कळ केलें. परंतु दान आणि हक्क यांतील अंतर नाण्यानें भरून निघत नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर दुसरा धनी रंगभूमीवर आला. तो म्हणजे जमिनीचा सौदागर. मोटारींचा प्रसार झाला आणि आगगाडीवांचूनहि मध्यमवर्ग दक्षिणेकडे येऊं लागला. कार्ल फिशर यानें उपसागराच्या तळांतील वाळू उपसून खारफुटीच्या दलदलीवर घातली व मायामी बीच उभें केलें. गिऱ्हाइकांचें लक्ष वेधण्यासाठीं त्यानें रोझी नांवाची एक हत्तीण पाळली होती, आणि १९२१ सालीं नियोजित राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग खेळावयास आले असतां त्यांच्या काठ्या वाहण्यास हीच हत्तीण उभी केली! तें छायाचित्र देशभर गेलें, आणि त्याबरोबर जमिनीची जाहिरातहि गेली. मायामीच्या शेजारीं जॉर्ज मेरिक यानें कोरल गेबल्स हें आंखीव नगर वसविलें. तेथील बिल्टमोर हॉटेल १९२६ च्या जानेवारींत उघडलें. सेव्हिलच्या प्रसिद्ध मनोऱ्याची प्रतिकृति त्यावर उभारण्यांत आली आणि मैदान आंखण्यासाठीं डोनाल्ड रॉस यास पाचारण करण्यांत आलें.

हा रॉस मूळचा स्कॉटलंडांतील डॉर्नक गांवचा. १८९९ सालीं तो अमेरिकेंत आला व त्यानें शेंकडों मैदानें घडविलीं. सपाट भूमीवर थोडासा उंचवटा, थोडासा उतार, वाऱ्याची दिशा, एवढ्याच भांडवलावर कठीण प्रसंग कसा निर्माण करावा, हें त्याच्याकडून शिकावें. १९२९ सालीं जूनो बीचनजीक त्यानें आंखलेलें सेमिनोल क्लबचें मैदान आजहि उत्कृष्टतेचा मानदंड समजलें जातें. परंतु ज्या बाजारानें त्यास इतकीं कामें दिलीं, तो बाजार तोंपर्यंत कोसळला होता. जमिनीचे भाव १९२६ सालीं ढासळूं लागले, आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांतील चक्री वादळानें मायामीची दैना केली. फिशरची संपत्ति ओसरली. नगर वसविणारा मेरिक अखेर मायामीच्या पोस्टांत पोस्टमास्तर म्हणून काम करीत असतां १९४२ सालीं वारला. सौदागर गेले, मैदानें मात्र उरलीं.

सेमिनोल या नांवापाशीं क्षणभर थांबणें अवश्य आहे. ज्या लोकांचें तें नांव, त्यांच्याशीं अमेरिकन सरकारनें एकोणिसाव्या शतकांत तीन युद्धें केलीं. त्यांतील दुसरें १८३५ पासून १८४२ पर्यंत चाललें. बहुतेक सेमिनोल धरून पश्चिमेकडे नेण्यांत आले. जे थोडके शेंकडा-दोनशेंकडा मागें राहिले, ते दक्षिणेच्या दलदलींत लपून राहिले. पुढें त्यांचें नांव अत्यंत खाजगी अशा एका क्लबास शोभा म्हणून लागलें. जिंकलेल्यांचीं नांवें जिंकणाऱ्यांच्या दारावर झळकतात, हा प्रकार कोणत्याहि देशाच्या इतिहासांत नवा नाहीं. परंतु खेळावयास जाणाऱ्यानें दारावरील पाटी एकदां नीट वाचावी.

तिसरें उत्तर न्यायासनाचें. धनिकांच्या क्लबांत कोणास घ्यावें हें क्लबनें ठरवावें, असें कोणी म्हणूं शकेल. पण नगरपालिकेचीं, म्हणजे करदात्यांच्या पैशानें चालणारीं मैदानें? तेथेंहि कृष्णवर्णीयांस मज्जाव असे. जॅक्सनव्हिलचे कृष्णवर्णीय विमा-व्यावसायिक ए. एल. लुइस यांनीं आपल्या लोकांसाठीं वेगळा गोल्फ क्लब काढला, आणि १९३५ सालीं अमेलिया बेटावर 'अमेरिकन बीच' हा स्वतंत्र किनारा उघडला, तो याच कारणासाठीं. मायामी शहराच्या मालकीच्या मायामी स्प्रिंग्ज मैदानावर कृष्णवर्णीयांस आठवड्यांतून फक्त सोमवारीं खेळूं देत. १९४९ सालीं जोसेफ राइस या कृष्णवर्णीय खेळाडूनें याविरुद्ध दाद मागितली. संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयानें शहराची बाजू उचलून धरिली. १९५० सालीं वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फेरविचारार्थ परत पाठविला. संस्थानच्या न्यायालयानें पुन्हां तोच निर्णय दिला, आणि १९५२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत आणखी लक्ष घालण्याचें नाकारलें. एक कर भरणारा नागरिक सहा दिवस परका आणि सातव्या दिवशीं आपला, असा हा न्याय!

पण काळ बदलत होता. १९५५ च्या नोव्हेंबरांत अटलांटा शहराच्या मैदानासंबंधाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें वर्णभेदाविरुद्ध कौल दिला. मग नगरपालिकांनीं पळवाटा शोधल्या. जॅक्सनव्हिलच्या दोन सार्वजनिक मैदानांवर सर्वांस प्रवेश द्यावा असा हुकूम झाला, तेव्हां १९५९ सालीं शहरानें तीं बंदच केलीं व पुढें विकून टाकिलीं. विकतांना अट अशी घातली कीं, जमिनीचा उपयोग गोल्फसाठीं न झाल्यास ती पुन्हां शहराकडे यावी. हीच अट शहराच्या गळ्यांत आली. १९६२ सालीं अपील-न्यायालयानें सांगितलें कीं, ज्या जमिनीवर शहराचा हात अजून आहे, तेथें रंग पाहून कोणासहि दूर ठेवतां येणार नाहीं. धंदेवाईक खेळाडूंच्या राष्ट्रीय संघानें आपल्या नियमांत घातलेली 'केवळ गौरवर्णीयांसाठीं' ही अट काढून टाकली, तीहि १९६१ सालीं.

हें वाचून आमच्या वाचकांस मुंबईची आठवण झाल्यास नवल नाहीं. गोऱ्यांच्या क्लबांचीं दारें हिंदी माणसास बंद असतां, दोघांसहि सभासद होतां यावें म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१८ च्या सुमारास मुंबईंत विलिंग्डन क्लब स्थापन झाला. त्याच्या आवारांतहि गोल्फचें मैदान आहे. तो क्लब कांहीं सामान्यांसाठीं नव्हता. तथापि दार उघडण्यासाठीं वेगळें घरच बांधावें लागलें, ही गोष्ट दोन्ही देशांस सारखीच लागू आहे. फ्लॉरिडांतील खेळाडूंनीं मात्र वेगळ्या घरावर संतोष मानला नाहीं. सार्वजनिक घर सर्वांचें आहे, हें त्यांनीं न्यायासनासमोर सिद्ध करून घेतलें. आम्हांस यांत त्यांचा मोठेपणा दिसतो.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. जॅक्सनव्हिलच्या आग्नेयेस पॉन्टे व्हेड्रा म्हणून किनारा आहे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी खनिज वाळू आढळते, तशाच प्रकारची वाळू पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथें काढीत असत. पुढें खाणीचा मुलूख विश्रांतिस्थान झाला. तेथीलच एका डॉलरला मिळालेल्या ४१५ एकर दलदलींत पीट डाय यानें सॉग्रास येथें प्रेक्षकांच्या सोयीचें एक मैदान निर्माण केलें; तें १९८० सालीं उघडलें. सतराव्या खळग्याभोंवतींची चांगली वाळू इतरत्र भरीस घालण्यासाठीं उपसून नेल्यामुळें मधें मोठा खड्डा पडला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें सुचविलें कीं, खड्ड्यांत पाणी सोडून हिरवळीचें बेटच करावें. अवघ्या १३७ यार्डांचा तो टोला, पण भलभल्यांचे हात तेथें कांपतात. हें मैदान कोणासहि खुलें आहे. मात्र त्याची फी सामान्य माणसाचे डोळे पांढरे करील अशी असते. कायद्यानें उघडलेलें दार दामानें पुन्हां अर्धें लोटलें जातें, हें येथें स्पष्ट दिसतें.

मग प्रवाशानें कोठें खेळावें? कीर्तीच्या मागें जाणाऱ्यानें सॉग्रासला जावें व दोन-चार चेंडू पाण्यास अर्पण करून यावें. त्यास आमची हरकत नाहीं. हिंवाळ्यांत दर चढलेले असतात आणि उन्हाळ्यांत दुपारचीं वादळें असतात, हेंहि त्यानें ध्यानांत ठेवावें. कोरल गेबल्सचें रॉसनें आंखलेलें मैदान आज नगराच्या मालकीचें असून बाहेरच्यासहि तेथें खेळतां येतें. परंतु आमचें मत विचाराल, तर ज्यास थोडाफार इतिहास कळतो, त्यानें दोन ठिकाणें चुकवूं नयेत.

पहिलें पाम बीच येथील नगरपालिकेचें लहान मैदान. १९६१ सालीं डिक विल्सन यानें तें आंखलें. तेथील सर्व खळगे आंखूड पल्ल्याचे आहेत. एका अंगास अटलांटिक महासागर आणि दुसऱ्या अंगास तेंच खारें सरोवर, ज्याच्या पलीकडे फ्लॅग्लरनें नोकरांचें गांव वसविलें होतें. आज त्या पलीकडल्या गांवचा कोणीहि रहिवासी फी भरून येथें येऊं शकतो व समुद्राच्या वाऱ्यांत चेंडू टोलवूं शकतो.

दुसरें सॅरासोटाचें. १९२७ सालीं विख्यात खेळाडू बॉबी जोन्स याच्या उपस्थितींत त्याच्याच नांवानें नगराचें मैदान उघडण्यांत आलें; आंखणी रॉसची. काळाच्या ओघांत तें जीर्ण झालें व २०२० सालीं बंद पडलें. शहराच्या मध्यावरील ही विस्तीर्ण जमीन घरें बांधणाऱ्यांस विकावी, हा सोपा मार्ग होता. तो न पत्करतां नगरानें २०२२ सालीं कायमचा करार करून ती मोकळी राखली, रॉसच्या आंखणीचा जीर्णोद्धार केला, पावसाचें पाणी मुरून स्वच्छ होईल अशी पाणथळ जागा तयार केली, आणि २०२३ च्या अखेरीस मैदान पुन्हां खुलें केलें. त्याच आवारांत एक लहान मैदानहि करण्यांत आलें असून त्यास गिलेस्पीचें नांव दिलें आहे.

समुद्राची पातळी चढत असलेल्या त्या सखल किनाऱ्यावर पुढील शंभर वर्षांत कोणतें मैदान टिकेल, हें वादळें व भरती ठरवितील. तोंपर्यंत जमीन कोणाची, या प्रश्नाचें उत्तर मात्र माणसांच्याच हातीं आहे. प्रवासी जेथें पैसे देतो तेथें तो आपलें मतहि देत असतो. तें सार्वजनिक मैदानाच्या पारड्यांत पडावें, एवढीच आमची शिफारस आहे.